‘डू’ नावाचा हमाल

‘व्हॉट डू यू डू?’ या प्रश्नात ‘डू’ दोनदा येतं. दुसऱ्याचा अर्थ ‘करणे’. पहिल्याला मात्र काहीच अर्थ नाही. ते फक्त काळाचं ओझं वाहणारा हमाल. भूतकाळ ‘डिड’नं उचलला की मुख्य क्रियापद मोकळं. वहीत ‘डिड यू वेन्ट’ लिहिणारी आपली मुलं तेच ओझं दोघांच्या डोक्यावर देतात.

जुन्या इंग्रजीत मात्र हे भरभक्कम क्रियापद होतं. मध्ययुगात त्याला ‘करवणे’ असाही अर्थ होता: राजानं किल्ला ‘डिड बिल्ड’, म्हणजे बांधवला. आता राजा बांधवतो आणि बांधतो यात ऐकणाऱ्याला फरक तो काय? अशा संदिग्ध वाक्यांतूनच ‘डू’चा अर्थ झिजला असावा, असं स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ अल्वार एलेगॉर्ड यांचं मत. मला ते पटतं.

1953 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी जुन्या ग्रंथांतले ‘डू’ अक्षरशः मोजून काढले. सोळाव्या शतकात साध्या होकारार्थी वाक्यांतही, कसलाही जोर द्यायचा नसताना, ‘आय डू गो’ लिहिलं जाई. पुढे ते ओसरलं. प्रश्न आणि नकारात मात्र ‘डू’ टिकलं, नकारात जरा उशिरानं. कारण वाक्यरचनेत होतं. पूर्वी प्रश्न विचारताना क्रियापदच उचलून कर्त्याच्या आधी ठेवत: ‘गो यू?’ पुढे इंग्रजीत मुख्य क्रियापद कर्त्यामागे घट्ट बसलं, हलेना. मग पुढे जायला कोणीतरी हवं होतं. ‘डू’ रिकामं होतंच.

हे स्थित्यंतर 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये एकाच वचनात सापडतं. रानफुलं कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, हे सांगताना आधी ‘दे टॉइल नॉट’ आणि लगेच ‘नायदर डू दे स्पिन’. पहिला नकार जुन्या वळणाचा, दुसऱ्यात ‘डू’.

काही क्रियापदं अडून बसली. ‘नो’, म्हणजे जाणणे, रोजच्या तोंडचं. त्यामुळे ‘आय नो नॉट’ बराच काळ तगलं. ‘बी’ आणि ‘कॅन’ तर आजही हमाल घेत नाहीत. ‘हॅव’चं घोडं मधेच अडलं. काळ्या मेंढीला ‘हॅव यू एनी वूल’ विचारणारं बडबडगीत 1744च्या सुमारास छापलं गेलं, आणि आपल्या बालवाड्यांत आजही ते तसंच घोकलं जातं. बोलताना मात्र बहुतेक जण ‘डू यू हॅव’च म्हणतात.