अनुभव आहे, पण ‘मंजूर पदा’वरचा नाही

कुडाळ-कणकवलीत ‘चांगल्या सिस्टर मिळत नाहीत’ असं डॉक्टर म्हणतात आणि त्याच गावात बारा-पंधरा वर्षं लेबर रूम सांभाळलेली सिस्टर बायोडेटा घेऊन फिरत असते. असं का, ते समजायला गेल्या वीस वर्षांतलं बघावं लागतं. त्याआधीचं चित्र साधं होतं: सरकारी दवाखान्यात लागली की निवृत्तीपर्यंतची सोय.

१२ एप्रिल २००५ रोजी ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. आरोग्य केंद्रांत माणसं हवी होती, ती अकरा महिन्यांच्या करारावर घेतली गेली. वर्ष भरायला दोन दिवस उरले होते, तोच १० एप्रिल २००६ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. रीतसर भरती न झालेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क नाही. एकदाच सवलत द्यायची, तीही मंजूर रिक्त पदावर दहा वर्षं काढलेल्यांना.

सगळी मेख ‘मंजूर पद’ या दोन शब्दांत आहे. मंजूर पद म्हणजे शासनाच्या आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या ठरलेल्या यादीत असलेलं, पगाराची कायम तरतूद असलेलं पद. अभियानातलं पद त्यात बसत नाही, त्याचा पैसा दरवर्षीच्या आराखड्यातून येतो. वॉर्ड तोच, रात्रपाळी तीच, बाळंतीणही तीच. खुर्ची मात्र कागदावर नाही. निकालामागचं तत्त्व चुकीचं नव्हतं, वशिल्याच्या भरतीला लगाम हवाच होता. पण त्याची झळ मुलाखत देऊन, गुणवत्ता यादीतून आलेल्या सिस्टरलाही बसली. तिची फाईल उघडा: अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा ऑर्डर. प्रत्येकीवर तेच वाक्य, ‘नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची.’

कोरोनात याच सिस्टरांना फोन करकरून बोलावलं. लाट ओसरली, ऑर्डरी संपल्या.

मार्च २०२४ मध्ये राज्याने अभियानात दहा वर्षं पूर्ण केलेल्यांना सरळसेवेच्या (थेट भरतीच्या) ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचं ठरवलं. अंमलबजावणी रखडली म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये संप झाला. बाळंतपणात किंवा लग्नानंतर गाव बदलल्यामुळे नववं वर्ष संपताना नोकरी सोडलेली बाई या हिशेबात धरलीच जात नाही. नव्याने परीक्षा द्यावी तर वयाची अट: खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३.

राहिलं खाजगी. गंभीर पेशंट कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातो, त्यामुळे किनाऱ्यावर मोठी हॉस्पिटलं फारशी उभी राहत नाहीत. दहा-वीस खाटांच्या दवाखान्याला जास्त अनुभव म्हणजे जास्त पगाराची मागणी वाटते. शिकाऊ मुलगी स्वस्तात पडते. गोव्यात सरकारी जागेला तिथला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. मग बांद्याची सिस्टर सकाळच्या गाडीने गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी ओलांडून म्हापशाच्या खाजगी दवाखान्यात ड्युटीला जाते, पगार नवशिकीचा.