‘लेझर’ शब्द कायद्यात नाही, म्हणून गुन्हा नाही?

वर्षानुवर्षे फिरणारा दावा असा: लेझर पॉइंटरबद्दल भारतीय दंडकायद्यात एक शब्दही नाही, त्यामुळे तो कोणावर रोखला तरी गुन्हा होत नाही.

पहिलं वाक्य बरंचसं खरं असल्यामुळे दुसरंही पटतं. पण दंडकायदा सहसा वस्तू मोजत नाही, कृती आणि परिणाम बघतो. आताचा दंडकायदा म्हणजे भारतीय न्याय संहिता; तिचं कलम १२५ काढून वाचा. बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणली, तर इजा झाली नसली तरी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुखापत झाली तर ६ महिने, जबर दुखापत झाली तर ३ वर्षांपर्यंत. एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर ती ‘जबर दुखापत’च, हे कलम ११६ मध्ये स्पष्ट आहे. (१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंडविधानाची कलमं ३३६ ते ३३८ लागू.) मुद्दाम केलं असेल तर कलमं याहून कडक.

‘लांबून काय होतंय, ठिपका तर एवढासा’ हेही तपासता येतं. साध्या पॉइंटरचा झोत दर मीटरला सुमारे १ मिलिमीटर पसरतो. रात्री लांब भिंतीवर मोजून बघा, मध्ये माणूस किंवा रस्ता नको. १ किलोमीटरवर तो मीटरभर रुंद होतो, म्हणजे विमानावर रोखला तर वैमानिकाचे दोन्ही डोळे एकदम झोतात येतात.

ब्रिटनमध्ये २०१८ चा स्वतंत्र कायदाच आहे: चालत्या वाहनाच्या चालकाला दिपवलं तर ५ वर्षांपर्यंत कैद.