फी कुणी भरायची? फादरांच्या शाळांची जुनी गोष्ट

आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, लॉटरीचे दिवस आले की मुंबईत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा गरीब घरातल्या मुलांसाठी ठेवायच्या असतील, तर धोबीतलाव, माझगाव, वांद्रे इथल्या फादरांच्या शाळा त्या यादीत का नाहीत? कायद्यापुरते उत्तर एका वाक्याचे आहे. या अल्पसंख्याकांच्या संस्था आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि 2014 मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. पण या शाळा चालवणाऱ्या येशूसंघाचा, म्हणजे जेझुइटांचा, मूळ नियम नेमका उलटा होता. मुलाकडून फी घ्यायचीच नाही, असा.

इग्नेशियस लोयोलाच्या या संघाला पोपची मान्यता मिळाली 1540 मध्ये. शाळा काढणे हा त्याचा मूळ बेत नव्हता. सिसिलीतल्या मेसिना शहराच्या लोकांनी आमच्या मुलांना शिकवा म्हणून आग्रह धरला, मास्तरांच्या राहण्या-जेवण्याचा भार शहराने उचलला आणि 1548 मध्ये बाहेरच्या मुलांसाठी पहिली शाळा सुरू झाली. तीन वर्षांनी रोममध्येही एक निघाली. तिच्या दारावरच्या पाटीवर व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती धर्मतत्त्वे एवढे विषय होते आणि शेवटी एकच शब्द: फुकट. रोममधल्या फी घेणाऱ्या पंतोजींचा त्यावर जळफळाट झाला, यात नवल नाही. ‘फुकट मिळाले आहे, फुकट द्या’ हे बायबलमधले वचन संघाने अक्षरशः घेतले होते.

अर्थात फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. मेसिनात पैसे शहराने दिले, रोममध्ये एका स्पॅनिश सरदाराने. पुढची दोनशे वर्षे युरोपभर हीच पद्धत चालली. राजा, बिशप किंवा नगरपालिका जमीन नाहीतर ठेव देई आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चाले. आपल्याकडच्या इनामावर चालणाऱ्या पाठशाळेत आणि यात मला फारसा फरक दिसत नाही. आणखी एक गोष्ट या शाळांच्या गौरवगाथांतून सहसा गळते. शाळा फुकट होती, पण शिक्षण लॅटिनमधून होते आणि मुलाला अक्षरओळख घरूनच व्हावी लागे. अगदी पहिले धडे शिकवायला संघाकडे पुरेशी माणसे नव्हती. त्यामुळे चांभाराचा मुलगा आत येऊ शकत होता, पण त्याला आधी कुणीतरी लिहायला-वाचायला शिकवलेले असेल तरच. फी माफ झाली तरी दार सगळ्यांना सारखे उघडत नाही, हे तेव्हापासूनचे आहे. मुंबईत लॅटिनच्या जागी इंग्रजी आली, इतकेच.

1773 मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला. सातशेहून अधिक शाळा-कॉलेजे हातची गेली, त्यांच्या जमिनी आणि ठेवी राजेरजवाड्यांनी गिळल्या. 1814 मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा मास्तर होते, कीर्ती होती, पण ठेवी नव्हत्या. जुना नियम पाळायचा तर शाळाच काढता येईना. शेवटी 1833 मध्ये पोप सोळावा ग्रेगरी याने सूट दिली: जिथे ठेव नाही तिथे फी घ्यायला हरकत नाही. तेव्हाची ही अडचणीपुरती सवलत आज जगभरातल्या बहुतेक जेझुइट शाळांचा रिवाज झाली आहे.

मुंबईशी या संघाचा संबंध जुना. पोर्तुगीज काळात वांद्र्याला त्यांचे सेंट अ‍ॅन कॉलेज होते. वसईची मोहीम जोरात असताना, 1739 मध्ये, ती इमारत मराठ्यांच्या हाती पडून तिचा किल्ला होऊ नये म्हणून पाडून टाकली गेली. 1759 मध्ये पोर्तुगालने आपल्या सगळ्या मुलखातून जेझुइटांना हाकलले. त्यानंतर ते मुंबईत परतले ते जवळजवळ शंभर वर्षांनी, 1854 च्या सुमारास, आणि ते होते जर्मन.

योगायोग असा की त्याच 1854 साली हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयी चार्ल्स वुडचा सरकारी खलिता निघाला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. त्या खलित्यातली एक अट आज वाचताना चमत्कारिक वाटते. अनुदान हवे असेल तर शाळेने मुलांकडून काहीतरी फी घेतलीच पाहिजे, मग ती कितीही थोडी असो. फुकट मिळालेल्या गोष्टीची कदर राहत नाही, अशी साहेबाची धारणा. म्हणजे रोमने फी घ्यायला परवानगी दिली होती आणि लंडनने ती घेणे जवळजवळ भागच पाडले. मुंबईतल्या फादरांच्या शाळा या दोन निर्णयांच्या बेचक्यात जन्मल्या. आजची फी दिसते ती त्या संघाच्या स्वभावातून कमी आणि या दोन कागदांतून जास्त आली आहे, असे माझे मत.

तरी गरीब मुलगा विसरला गेला नव्हता. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही शाळा 1863 मध्ये निघाली ती देशी मुलांचे अनाथालय म्हणून. तिचे हायस्कूल पुढे झाले. माझगावची सेंट मेरीज 1864 ची. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेज आणि हायस्कूल आले 1869 मध्ये. अनाथ आणि निर्धन कॅथलिक मुलांचा खर्च मिशनच्या देणग्यांतून, बाकीच्यांकडून फी. ज्यांना थोडीफार ऐपत होती पण पुरेशी नव्हती, त्यांच्यासाठी नादारी होती: पूर्ण नाहीतर अर्धी. मुंबईत तिला फ्रीशिप म्हणत. अनेक घरांत फ्रीशिप म्हणजे आई मुलाला स्वच्छ सदरा घालून फादरांच्या खोलीबाहेर उभी राहते, आत जाऊन घरची परिस्थिती सांगते, आणि फादर अर्जावर सही करतात. यात माणुसकी होती. पण तो हक्क नव्हता. फादर बदलले की सहीचा हातही बदले.

बाकीच्या मुंबईत काय चालले होते तेही पाहिले पाहिजे, नाहीतर फादरच काय ते दानशूर असा समज व्हायचा. गरीब पारशी मुलांसाठी जमशेटजी जीजीभाईंची संस्था 1849 पासून होती. मुसलमानांची अंजुमन-इ-इस्लाम 1874 मध्ये निघाली, बेने इस्रायलांची, म्हणजे इथल्या ज्यू समाजाची, शाळा 1875 मध्ये. ज्याने त्याने आपापल्या समाजाची पोरे सांभाळायची, ही या शहराची रीत. त्या रीतीत न बसणारा, कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेल्या कामगाराचा मुलगा मात्र कुणाच्याच खात्यात नव्हता. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मुद्दा मांडला तो हाच: रयतेच्या करातून पैसा गोळा होतो आणि वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तर बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ते ऐकायला सरकारला बराच वेळ लागला. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये करून दाखवले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा 1918 चा, खुद्द मुंबई शहरासाठीचा 1920 चा. मधल्या काळात ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने, 1911 पासून, गिरणगावात रात्रशाळा चालवल्या.

जर्मन फादर पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना नजरकैद झाली, काहींना परत पाठवले गेले, आणि 1920 नंतर स्पॅनिश जेझुइट आले. शाळांच्या शिस्तीत त्याने फार बदल झाला नाही.

खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे पगार सरकार देऊ लागले. 1959 मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ईबीसी सवलत आली आणि फादरांच्या सहीवर मिळणारी फीमाफी सरकारी फॉर्मावर मिळू लागली. अनुदानित वर्गांतली फी नाममात्र झाली. दुसऱ्या बाजूने राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क दिला, आणि त्याची मोठी लढाई 1974 मध्ये जिंकली ती अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजने, म्हणजे जेझुइटांनीच. पुढे एकाच शाळेच्या आवारात दोन जगे तयार झाली. सेंट मेरीजमध्ये राज्य मंडळाच्या एसएससीचा विभाग आहे आणि दिल्लीच्या खासगी मंडळाच्या आयसीएसईचाही. पालकांना गेट एकच दिसते, आतली वाट वेगळी असते.

याच सुमारास संघाच्या आतच मोठी घुसळण चालली होती. मेक्सिको सिटीतल्या जेझुइटांनी श्रीमंतांच्या मुलांसाठीची आपली नावाजलेली शाळा बंद करण्याचे 1971 मध्ये जाहीर केले. त्यांचे मन गरिबांच्या शिक्षणाकडे वळले होते. 1973 मध्ये संघाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांसमोर विचारले की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, आणि उत्तरही स्वतःच दिले: प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. समोर बसलेल्या अनेकांना ते झोंबले. मुंबईत अशी कुठली शाळा बंद झाली नाही. इथे वेगळा मार्ग दिसतो तो स्नेहसदनचा. स्टेशनांवर आणि रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी जेझुइटांनी 1962 मध्ये ही संस्था सुरू केली. मोठे वसतिगृह न बांधता साध्या वस्तीत घरे घ्यायची, तिथे पालक म्हणून एक जोडपे राहणार आणि मुले जवळच्या शाळेत जाणार. ज्या मुलाला घरच नाही त्याची फी माफ करून काही होत नाही, हे यामागचे भान मला मोलाचे वाटते.

आता अमेरिका, कारण ‘गरीब शहरी मुलग्यांसाठी मोफत जेझुइट शाळा’ या नावाने आज जे ओळखले जाते ते तिथे घडले. न्यूयॉर्कची रीजिस हायस्कूल 1914 पासून एक पैसाही फी घेत नाही. शहराच्या माजी महापौराच्या विधवेने नाव गुप्त ठेवून दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. पण रीजिसमध्ये हुशार मुलांची परीक्षा घेऊन निवड होते. 1971 मध्ये त्याच शहराच्या लोअर ईस्ट साइडला नेटिव्हिटी नावाची छोटी शाळा निघाली ती स्थलांतरितांच्या, मुख्यतः पोर्तो रिकोहून आलेल्या घरांतल्या मुलग्यांसाठी. वर्ग लहान, शाळा संध्याकाळपर्यंत, उन्हाळ्यात शिबिर, आणि मुलगा हायस्कूलला गेला तरी पाठपुरावा चालूच. मुलगेच का? त्या गल्ल्यांत बारा-तेराव्या वर्षी मुलगा टोळीच्या हाती लागत असे, आणि शाळा सुटल्यानंतरचे तास सगळ्यांत धोक्याचे होते. वॉशिंग्टनची जेझुइट अकॅडमी 2002 मध्ये याच धर्तीवर निघाली. पैसा मुख्यतः देणगीदारांचा.

1982 च्या संपानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले त्यांना हे तेरावे वर्ष समजावून सांगावे लागणार नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यांतले कितीतरी परत कामावर लागलेच नाहीत. घरात पगार नाही म्हटल्यावर सातवी-आठवीतला मुलगा आधी दुपारच्या कामाला लागतो, मग पूर्णवेळ. काही चाळींतली पोरे कुठे गेली हे पोलिसांच्या नोंदीत सापडते. त्या मुलांची फी तेव्हा फारशी नव्हतीच, महापालिकेच्या शाळेत तर शून्य होती. नव्हता तो संध्याकाळी सातपर्यंत त्यांना बसवून घेणारा माणूस.

शिकागोत 1996 मध्ये जेझुइटांनी आणखी एक युक्ती काढली. क्रिस्टो रे शाळेतली चार मुले मिळून एखाद्या कार्यालयातली एक नोकरी वाटून घेतात, प्रत्येक जण आठवड्यातला साधारण एक दिवस जातो आणि पगार शाळेला मिळतो. हे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला कर्मवीर भाऊराव पाटील आठवणारच. रयत शिक्षण संस्था 1919 ची, साताऱ्याचे बोर्डिंग 1924 चे, आणि ‘कमवा आणि शिका’ तिथून घरोघर पोचले. फरक एवढाच की रयतेची मुले शेतात आणि बांधकामावर राबली, शिकागोची मुले वकिलांच्या आणि बँकांच्या कचेऱ्यांत बसतात आणि त्या ओळखी पुढे उपयोगी पडतात. मुंबईत फोर्ट आणि बीकेसी यांसारखे कचेऱ्यांचे भाग असूनही असे काही झाले नाही. बालमजुरीचा इतिहास पाहता पालक आणि अधिकारी दोघेही बिचकतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

फी कुणी भरायची हा प्रश्न सध्या पुन्हा न्यायालयात आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना आरटीईच्या जागांतून सूट द्यायचा नियम केला, तो उच्च न्यायालयाने रद्द केला. त्यानंतर सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 2014 च्या निकालावरच शंका घेतली. अल्पसंख्याक शाळांना सरसकट वगळणे योग्य होते का, हे मोठ्या पीठाने पाहावे, असे त्यांनी म्हटले. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून ते पुढे आले. निकाल बदलला तर फादरांच्या विनाअनुदानित वर्गांतही लॉटरीतून मुले येतील आणि त्यांच्या फीची भरपाई राज्य सरकारने करायची आहे. ही रक्कम वेळेवर मिळत नाही अशी तक्रार बाकीच्या खासगी शाळा आजच करत असतात.