घसरलेली गाडी आणि घसरवलेली गाडी

गेल्या उन्हाळ्यात भाच्याला घेऊन शहराबाहेरच्या कार्टिंगच्या ट्रॅकवर गेलो होतो. दहा मिनिटांचा खेळ, आणि प्रत्येकाची सगळ्यात जलद लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी, स्क्रीनवर. शेवटच्या दोन मिनिटांत स्क्रीनवर तो वर होता आणि ट्रॅकवर माझ्या पुढं होता. मागून माझी लॅप मस्त जमत आली होती. तेवढ्यात हेअरपिनला, म्हणजे उलट फिरवणाऱ्या वळणावर, त्याची कार्ट गर्रकन फिरली आणि रस्त्यात आडवी झाली. ट्रॅकवरच्या कामाच्या पोरानं पिवळा झेंडा हलवला, म्हणजे पुढं धोका, वेग कमी करा; मी ब्रेक दाबला, लॅप गेली बाराच्या भावात. हेल्मेट काढून हा दात काढत म्हणतो, "मामा, चुकून झालं की!"

"लेका, तू मोनॅकोतच जन्माला यायचास," मी म्हणालो. मग चहा मागवला, जुन्या टायरवर बसलो आणि त्याला दोन गोष्टी सांगितल्या. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांत आजही या दोन्ही गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

पहिली २००६ ची. मोनॅकोच्या शर्यतीची पात्रता फेरी, म्हणजे सगळ्यात जलद लॅपवाला शर्यतीत सगळ्यांच्या पुढून सुटणार; शेवटचे क्षण. मायकेल शूमाकरची वेळ सगळ्यात चांगली, फर्नांडो अलोन्सो ०.०६४ सेकंदानं मागं, पण ट्रॅकवर आणि जलद लॅपमध्ये. रास्कास नावाच्या वळणावर, म्हणजे लॅप संपता संपता, शूमाकरची फेरारी थोडी भरकटली आणि थांबली. भिंतीला लागली नाही, काही मोडलं नाही, नुसती उभी राहिली. पिवळे झेंडे आले, अलोन्सोची लॅप वाया गेली.

दुसरी २०१४ ची. तेच मोनॅको, तीच पात्रता फेरी, तेच शेवटचे क्षण. निको रोझबर्ग पुढं, त्याच्याच मर्सिडीज संघातला लुईस हॅमिल्टन ०.०५९ सेकंदानं मागं. मिराबो वळणाआधी रोझबर्गची पुढची चाकं लॉक झाली, म्हणजे ब्रेकनं फिरायचीच थांबली, गाडी सरळ बाजूच्या सुटकेच्या रस्त्यात शिरली. पिवळे झेंडे आले, हॅमिल्टनची लॅप वाया गेली.

शूमाकरच्या सगळ्या वेळा पंचांनी रद्द केल्या आणि त्याला शर्यतीत शेवटून सुरुवात करायला लावली. रोझबर्गला त्यांनी निर्दोष सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी तो जिंकलाही.

"मग हा पक्षपातच की!" भाचा म्हणाला. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

घोळ होतो तो फायद्यापासून सुरुवात केल्यामुळं. फायदा कुणाचा झाला ते बघितलं की चोर सापडला, असं आपल्याला वाटतं. पण मोनॅकोचा ट्रॅक जेमतेम सव्वातीन किलोमीटरचा, शहरातल्या अरुंद रस्त्यांचा. तिथं शर्यतीत पुढच्याला ओलांडणं जवळपास अशक्य, म्हणून शनिवारी जो पहिला तो रविवारी निम्मा जिंकलेला. अशा ठिकाणी पहिल्या नंबरवरचा माणूस शेवटच्या मिनिटाला खरोखर घसरला तरी फायदा त्याचाच. वरचे दोन फरक पुन्हा बघा: ०.०६४ आणि ०.०५९. मोह दोघांनाही सारखाच होता. म्हणजे फायद्यावरून दोघांतला फरक सांगताच येत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये एक-शून्यानं पुढं असलेल्या संघाचा खेळाडू शेवटच्या पाच मिनिटांत पाय धरून खाली बसला की समोरचे पाठीराखे शिव्या घालतात, पण सामनाभर धावलेल्या पायात त्याच वेळेला खरा गोळाही येतो.

पाहायचं असतं ते आधीचं. खासबागेच्या कुस्ती मैदानात मातीच्या उतारावर बसलेला जुना जाणता पैलवान चितपट झालेल्याकडं बघत नाही. तो पडायच्या आधी त्यानं हात कुठं सोडला, पाय का उचलला नाही, हे बघतो आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगतो, "नूरा हाय," म्हणजे कुस्ती आधीच ठरवलेली. गाडीतही तेच. गाडी कुठं थांबली यापेक्षा थांबण्याआधीच्या दोन सेकंदांत चालकाच्या हातापायांनी काय केलं, यात सगळं असतं. आणि ते लपत नाही. ब्रेकवर किती दाब दिला, स्टिअरिंग किती अंशात फिरवलं, थ्रॉटल, म्हणजे वेगाचा पेडल, कधी सोडला, याची नोंद सेन्सर सतत ठेवतात. त्याच वळणावरच्या त्याच चालकाच्या आधीच्या लॅपशी ती ताडून बघता येते.

शूमाकरचं म्हणणं, वळण चुकलं आणि मग इंजिन बंद पडलं. पंचांनी नोंदी तपासायला तासन् तास घेतले, निकाल रात्री आला. त्या जागी इतक्या जोरात आणि इतक्या विचित्र पद्धतीनं ब्रेक दाबायचं काही कारणच नव्हतं, असा त्याचा सारांश. रोझबर्गच्या नोंदी आणि चित्रणही तपासलं गेलं, त्यात गुन्ह्याचा पुरावा मिळाला नाही.

हे कार्टवर सोपं दिसतं. भाड्याच्या कार्टला ब्रेक सहसा फक्त मागच्या चाकांना असतो. वळणात ब्रेक जास्त दाबला की मागचा भाग फिरतो. खरोखर चुकलेल्याचे हात लगेच उलट्या दिशेनं स्टिअरिंग मारतात. विचार करून नाही, आपोआप, जसा पाय घसरल्यावर हात भिंत शोधतो. मुद्दाम फिरवणाऱ्याचे हात मात्र शांत असतात. माझ्या भाच्याचे हात त्या हेअरपिनला देवळात बसल्यासारखे शांत होते. मी मागंच होतो, मला चांगलं दिसलं.

शूमाकरच्या बाबतीत लोक नावालाही सजा देतात. १९९४ ला ॲडलेडमध्ये तो आणि डेमन हिल धडकले, दोघंही बाहेर गेले आणि एका गुणानं त्या वर्षाचं विश्वविजेतेपद शूमाकरला मिळालं. त्याबद्दल शिक्षा झाली नाही. १९९७ ला हेरेथमध्ये त्यानं जाक व्हिलनव्हवर गाडी घातली, तेव्हा मात्र त्या वर्षीच्या गुणतक्त्यातून त्याचं नावच काढून टाकलं. मी शाळेपासून शूमाकरवाला. पहिल्या दोन्ही वेळा मी त्याची बाजू घेऊन भांडलोय. रास्काससाठी भांडलो नाही. रोझबर्गबद्दल विचाराल, तर सुटकेच्या रस्त्यातून त्याचं रिव्हर्स घेत बाहेर येणं मला अजून खटकतं. पण खटकणं हा पुरावा नव्हे. गंमत अशी, की २००६ मध्ये शूमाकरवर सगळ्यात तिखट तुटून पडलेल्यांत एक माजी विश्वविजेता होता, केके रोझबर्ग. निकोचा बाप.

नावाचा उलटा खेळही होतो. २००८ ला सिंगापूरच्या शर्यतीत रेनोचा नेल्सन पिके ज्युनिअर चौदाव्या लॅपला भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना तिच्यामागं हळू चालणं भाग. त्याचा सहकारी अलोन्सो पंधराव्या जागेवरून निघालेला, पण टायर-इंधनासाठी नुकताच पिटमध्ये जाऊन आलेला; बाकीच्यांचं ते बाकी होतं, त्यामुळं त्याला वाट मोकळी झाली आणि तो जिंकला. थोडी कुजबुज झाली, पण पिके तसाही धडपडत होता, पोरगं चुकलं एवढंच बहुतेकांना वाटलं. वर्षभरानं संघानं त्याला काढलं, तेव्हा त्यानं तोंड उघडलं: धडक ठरवून होती. मग नोंदी पुन्हा काढल्या, तर मागची चाकं सुटल्यावरही याचा पाय थ्रॉटलवरून हललेला नव्हता. नोंदी वर्षभर तिथंच होत्या, फक्त त्यांवरून कुणी चौकशी केली नव्हती. संघाचे प्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे यांच्यावर कारवाई झाली. अलोन्सोला हे माहीत असल्याचं सिद्ध झालं नाही. ही खरी नूरा कुस्ती, आणि ती ताऱ्यानं नव्हे तर बिनकामाच्या समजल्या गेलेल्या पोरानं खेळली.

अमेरिकेतल्या इंडीकार या शर्यतींच्या मालिकेनं पात्रता फेरीसाठी हा सगळा कीस पाडायचाच नाही असं ठरवलंय. तुमच्यामुळं लाल झेंडा निघाला, म्हणजे फेरीच थांबवावी लागली, की तुमच्या सगळ्यात चांगल्या दोन लॅप जातात. हेतू कुणी विचारत नाही. मला हा नियम आवडतो.

भाच्याला नाही आवडला. चहाचा कप टायरवर ठेवून म्हणाला, "आणि खरंच चुकलं असेल तर?"

"तरी जातात."

तो जरा गप्प बसला. स्क्रीनवर त्याचं नाव अजून वरच होतं. मग खिशातून पैसे काढून काउंटरकडं निघाला. "चल मामा, अजून दहा मिनिटं. या वेळी तू पुढं राहा."