मॅग्नेशिया : प्लेटोची कायद्याची नगरी

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो (मृत्यू इ. स. पू. ३४७) याने ‘नोमोई’ म्हणजे ‘कायदे’ या अखेरच्या ग्रंथात कल्पिलेली नगरी. बारा भागांचा हा संवाद प्लेटोच्या लेखनात सर्वांत लांब आहे आणि त्यात प्लेटोच्या संवादांतला नेहमीचा मुख्य वक्ता, त्याचा गुरू सॉक्रेटीस, नाही. अथेन्सचा एक अनामिक पाहुणा, क्रीटचा क्लेनियास व स्पार्टाचा मेगिल्लस हे तिघे वृद्ध क्रीटमधल्या क्नोसॉस शहराहून झ्यूस देवाच्या गुहेकडे पायी निघतात आणि वाटेत नव्या वसाहतीची घटना रचतात.

प्लेटोच्या आधीच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात सत्ता तत्त्वज्ञ राजाच्या हाती होती. इथे प्लेटोचा माणसावरचा तो भरवसा उरलेला नाही. कायदा धनी आणि राज्यकर्ते त्याचे चाकर, असेच राज्य तरते, असे तो म्हणतो.

नगरीत घरे ५०४०. ना एक कमी, ना एक जास्त. १ ते १० पैकी कोणत्याही संख्येने या आकड्याला पूर्ण भाग जातो, म्हणून जमीन, कर आणि सैन्य यांची वाटणी सोपी. अकराने जात नाही, पण दोन घरे वगळली की तोही जातो, हे नोंदवायला प्लेटो विसरत नाही! घराच्या वाट्याची जमीन विकता येत नाही; त्या वाट्याच्या चौपटीवर संपत्ती साठवता येत नाही. खासगी सोन्याचांदीला बंदी. नगर समुद्रापासून ८० स्टेडिया (सुमारे १५ किमी) आत.

ग्रंथातली सर्वांत मोलाची कल्पना कायद्याच्या प्रस्तावनेची. गुलामांचा वैद्य हुकूम सोडून पुढच्या रोग्याकडे पळतो. स्वतंत्र नागरिकाचा वैद्य आजार समजावतो आणि रोग्याला पटल्याशिवाय उपचार करत नाही. कायद्यानेही तसेच बोलावे. पुरुषाने ३० ते ३५ या वयात लग्न करावे, नाहीतर दरवर्षी दंड, हा झाला कायदा. वंशाच्या रूपाने माणूस अमर होतो, ही त्याची प्रस्तावना.

मात्र समजावणी सर्वांपुरती नाही. देव न मानणारा, पण वर्तनाने सज्जन माणूस किमान पाच वर्षे सुधारगृहात जातो. पुन्हा दोषी ठरला तर मृत्युदंड. सॉक्रेटीसला इ. स. पू. ३९९ मध्ये अशाच आरोपावरून विष प्यावे लागले होते, हे आठवले की हा भाग वाचवत नाही.

शेती गुलामांकडे आणि कारागिरी परक्यांकडे असल्याने नागरिक रिकामेच. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले : बसून खाणारे पाच हजार पुरुष, वर त्यांच्या बायका आणि नोकरचाकर, एवढे पोसायला बॅबिलोनएवढा मुलूख लागेल.