स्कीबूट किती वर्षं टिकतात? चामड्यापासून प्लास्टिकपर्यंत

बर्फावरून घसरण्याच्या लांब फळ्यांना, म्हणजे स्कीला, जोडायचे स्कीबूट नीट सांभाळले तर किती वर्षं चालतील, याचं उत्तर गेल्या साठेक वर्षांत पार बदललं, कारण बूटच बदलला. त्याआधी आल्प्समध्ये काय नि अमेरिकेत काय, बूट चामड्याचे असत. ते पाणी पीत आणि घोट्याशी सैल पडत. वंगण चोळून, चौकटीत आवळून ठेवले की बराच काळ साथ देत. महत्त्वाचं म्हणजे, त्यांचं म्हातारपण डोळ्यांना दिसे.

1960 च्या दशकात आयोवातल्या बॉब लँग यांनी प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि बघता बघता चामडं मागे पडलं. नवा बूट भिजेना, सैल पडेना. साहजिकच तो जन्मभर पुरेल असं लोकांना वाटलं. पण बुटाची बाहेरची कवचं बरेचदा पॉलियुरेथेन या प्लास्टिकची असतात आणि त्याच्या काही प्रकारांत हवेतली ओल रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते. बूट वापरा अथवा कपाटात ठेवा, हे थांबत नाही. म्हणूनच वरून कोरा दिसणारा जुना बूट उतारावर अचानक तडकतो. कवचाला साधारण दहा वर्षं धरतात ती यासाठी. रोज स्की करणाऱ्याचा लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, त्याच्या कितीतरी आधी दबून जातो.

बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणाऱ्या कड्यांची, गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे पायाचं हाड पणाला लागतं. नॉर्वेत टेलेमार्कच्या सोंद्रे नॉरहाइम यांनी एकोणिसाव्या शतकात झाडाच्या मुळ्या पिळून टाचेभोवती बांधल्या. पुढे लोखंडी पट्ट्या आल्या, तारेचे केबल आले. पकड वाढत गेली, तसे पडल्यावर पाय मोडू लागले. मूळचे नॉर्वेचे, अमेरिकेत ओरेगनमध्ये स्थायिक झालेले याल्मार व्हाम यांचा पाय 1937 मध्ये मोडला. त्यानंतर त्यांनी पडताना आपोआप सुटणारं बाइंडिंग घडवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लुक, मार्कर, सालोमन या कंपन्यांनी ते सुधारलं.

तेव्हापासून बाइंडिंगचं काम दुहेरी झालं: धरायचं आणि नेमक्या जोराला सोडायचं. वंगण सुकलं, प्लास्टिक ठिसूळ झालं किंवा डांबरावर चालून बुटाचा तळ झिजला, की हे गणित चुकतं. अमेरिकेत उत्पादक कोणत्या मॉडेलची जबाबदारी घेतात याची यादी दरवर्षी निघते. यादीतून गळालेलं बाइंडिंग चांगलं दिसलं तरी दुकानदार सहसा हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हंगाम संपला की लायनर काढून सुकवावा, बकलं हलकी लावून बूट उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवावेत. बाइंडिंगवर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नये, आतलं वंगण निघून जातं. दर हंगामाच्या सुरुवातीला मात्र बूट आणि बाइंडिंग दोन्ही दुकानात नेऊन सुटण्याचा जोर यंत्रावर मोजून घ्यावा.