घरच्या बागेत उन्हाळी रास्पबेरी: रोप नेलेल्यांनी हे वाचून ठेवा

आमच्या बेळगावच्या रोपवाटिकेतनं रास्पबेरीचं रोप नेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो, या झाडाला फळ कुठल्या काडीवर येतंय ते ओळखायला शिका. खत कमीजास्त झालं, दोन दिवस पाणी द्यायचं राहिलं, तरी झाड सांभाळून घेतंय, पण चुकीची काडी कापली की त्या वर्षाचं फळ गेलं म्हणून समजा.

कसं असतंय बघा. रास्पबेरीचं मूळ बरीच वर्षं जगतंय पण जमिनीतनं वर आलेली काडी दोनच वर्षाची. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, पानं काढते, उंच होते, तिला फूल येत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच काडीला बाजूनं आखूड फुटवे येतात, त्यावर फुलं, त्यावर फळ, आणि फळ संपलं की ती काडी वाळून जाते, परत कधी फळत नाही. तोपर्यंत बुडातनं नव्या काड्या वर आलेल्या असतात, त्या पुढच्या वर्षीच्या. उन्हाळी रास्पबेरी म्हणतात ती ही. दुसरा एक प्रकार आहे, हेरिटेज, ऑटम ब्लिस वगैरे जाती, त्यांना त्याच वर्षीच्या नव्या काडीच्या शेंड्याला फळ येतंय, म्हणून थंड देशातले लोक ते झाड फेब्रुवारीत सगळंच्या सगळं जमिनीलगत छाटतात. युट्यूबवर ते व्हिडिओ ढीगभर आहेत आणि बघायला सोपं वाटतंय. पण तेच बघून तुम्ही इथं फेब्रुवारीत कात्री लावली तर काय होणार, आपल्याकडं त्या महिन्यात जुन्या काडीवर कळ्या-फुलं असतात, म्हणजे उन्हाळ्याचं सगळं फळ तुम्ही स्वतःच्या हातानं कापून टाकणार. कृपा करून ते करू नका.

यावर आम्ही गिऱ्हाइकांना एक साधी युक्ती सांगतो. दसऱ्याच्या सुमारास झाडावर ज्या काड्या उभ्या असतील त्या सगळ्यांना बुडाशी लाल कापडाची चिंधी सैल बांधा. या काड्या येत्या उन्हाळ्यात फळणार. त्यानंतर जानेवारीपासून पुढं जेवढ्या नव्या काड्या येतील त्यांना चिंधी नसणार, त्या पुढच्या सालच्या. मग जूनमध्ये फळ संपल्यावर चिंधीवाल्या काड्या तेवढ्या जमिनीलगत कापायच्या आणि बिनचिंधीच्या ठेवायच्या. घरात माळी येत असेल, किंवा बाग आई-वडील बघत असतील, तरी कुणाची चूक होत नाही.

आता जातीबद्दल, कारण हा प्रश्न रोज येतो. ग्लेन अँपल आहे काय, टुलामीन मिळेल काय, मॉलिंग ज्युएल मागवून देता काय. आम्ही देत नाही, आणि त्याचं कारण नीट सांगतो. ग्लेन अँपल स्कॉटलंडमध्ये तयार झालेली, मॉलिंग ज्युएल इंग्लंडात केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातली, टुलामीन कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातली. चांगल्या जाती आहेत, त्यांच्या गावात. या लाल उन्हाळी रास्पबेरीला हिवाळ्यात ७ अंशाच्या खालची थंडी लागते, आणि ती एकदोन रात्री नाही, साधारण ८०० तास आणि बऱ्याच जातींना त्याहून जास्त. तेवढी थंडी मिळाली की मगच काडीवरचे डोळे, म्हणजे फुटवे निघायच्या जागा, झोपेतनं उठतात. बेळगावची थंडी आपल्याला बोचते खरी, पहाटे कॅम्पात फिरायला जाणाऱ्यांना विचारा, पण पारा बहुतेक १२-१४ अंशाच्या आसपास असतो, एखाद्या रात्री १० च्या खाली आला तर पेपरात बातमी येते. म्हणजे ८०० तास कुठनं येणार. रोप मरत नाही, तेच फसवं असतंय, ते पानं काढत राहतं आणि तुम्ही दोनतीन वर्षं वाट बघत बसता, डोळे फुटतच नाहीत. तुमचे पैसे घेऊन तसं रोप हातात द्यायला आम्हाला बरं वाटत नाही.

म्हणून आम्ही म्हैसूर रास्पबेरी देतो, शास्त्रीय नाव रुबस निवियस. ही मूळची आपल्याच बाजूची, भारत, श्रीलंका, पार चीनपर्यंत रानात वाढणारी, आणि हिला थंडीचे तास लागत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उष्ण भागात लोक घरी रास्पबेरी लावायची म्हटलं की हीच लावतात. काडीवर पांढरट पावडर मारल्यासारखा थर असतो, काटे आकड्यासारखे वाकडे असतात, पान खालनं पांढरं. फळ आधी हिरवं, मग लाल, आणि पिकलं की काळसर जांभळं. आकारानं ते दुकानातल्या डब्यातल्या लाल रास्पबेरीपेक्षा लहान, साधारण १ ते २ सेंटीमीटर, बिया थोड्या जाणवतात, पण पूर्ण पिकलेलं फळ गोड आणि वासाचं असतंय. आणि काडीचा जो दोन वर्षाचा नियम वर सांगितला तो हिला पण लागू आहे.

एक सावधगिरी. रास्पबेरी म्हणून तुतीचं रोप विकलेलं आमच्याकडं लोक घेऊन येतात, आणि ऑनलाइन बियांची पाकिटं पण येतात ज्यावर निळी रास्पबेरी छापलेली असते, ती पण फसवणूकच. तुतीचं झाड होतं, काटे नसतात, फळ देठासकट तुटतं. रास्पबेरीचं फळ ओढलं की पांढरा गाभा झाडावर राहतो आणि हातात पोकळ टोपी येते. पान पण बघा, रास्पबेरीचं एक पान म्हणजे एका देठावर अनेक छोटी पानं असतात, तुतीचं सुटं एकच.

जागा आणि माती. आपल्या जिल्ह्यात दहा कोसावर माती बदलते त्यामुळं सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही. रास्पबेरीला थोडी आंबट माती पाहिजे, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा, आणि मुळाशी पाणी साठलेलं अजिबात चालत नाही, दोन दिवस पाणी तुंबलं की मुळं कुजायला लागतात आणि मग वरनं काही ओतून उपयोग नसतो. खानापूर, जांबोटी, हिंडलगा या बाजूच्या लोकांना माती चांगली आहे, लाल, जांभ्याची, आंबट, फक्त पाऊस भयंकर, म्हणून जमिनीपासून दीड फूट उंच वाफा करून त्यावर लावा. कणकुंबीकडच्या लोकांनी तर पावसाळ्यात लावूच नये, पाऊस ओसरल्यावर लावा. शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातली काळी माती भाताला उत्तम आहे, त्या भातानं बेळगावचं नाव केलंय, पण रास्पबेरीला ती चालत नाही, चिकट असते, पाणी धरून ठेवते. अथणी, गोकाक, चिकोडीकडं काळ्या मातीत चुनखडी पण असते, तिथं नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात युरिया कमी पडला आणि अजून युरिया टाकतात. ते नायट्रोजनचं नसतंय, चुनखडीमुळं झाडाला लोह घेता येत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर हे अजून वाढतं. अशा ठिकाणी सरळ कुंडीत लावा, निम्मी लाल माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत, थोडं कोकोपीट. कुंडी मोठीच घ्या, २० इंची किंवा अर्धा ड्रम, खाली भोकं पाडलेला. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर ते या झाडाला द्या.

अजून एक, जिथं मागच्या तीनचार वर्षात बटाटा, मिरची, वांगी, टोमॅटो घेतलंय तिथं रास्पबेरी नको. या पिकांचा मर रोग मातीत राहतो आणि तोच रास्पबेरीला पण लागतो. आपल्याकडं परसात मिरची-वांगी सगळ्यांच्याच असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

ऊन सकाळचं पाच-सहा तास पाहिजे, एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर सावली मिळाली तर बरं. घराच्या पूर्वेची बाजू सगळ्यात चांगली. रोप पिशवीत जेवढं खोल आहे तेवढंच लावा, जास्त पुरू नका. दोन रोपांत ४-५ फूट सोडा, आत्ता मोकळं दिसतंय म्हणून जवळ लावाल तर दोन वर्षानं काट्यातनं हात घालता येणार नाही. दोन्ही टोकाला खांब रोवून अडीच फुटावर आणि पाच फुटावर जीआय वायर (जस्ताचा मुलामा असलेली तार) ओढा आणि काड्या सुतळीनं त्याला सैल बांधा. एका बुडाला सहा-आठ दणकट काड्या पुरे, बारीक असतील त्या काढून सोडा. गर्दी ठेवली की हवा खेळत नाही, भुरी येते, तांबेरा येतो.

जूनमध्ये लावलेल्या रोपाला पुढच्या उन्हाळ्यात थोडंफार फळ दिसेल, खरा बहर त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. घाई करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

पावसाळ्यात नवी काडी झपाट्यानं वाढते. ४-५ फूट झाली की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेंडा दोन-तीन इंच खुडायचा, मग ती उंच न जाता बाजूला फुटवे काढते आणि फुटव्यावरच फळ येणार आहे. शेणखत दोनदा, जूनमध्ये जुन्या काड्या कापल्यावर एक घमेलं आणि दसऱ्यानंतर अर्धं. युरिया मारलात तर पानं जोरात येतील, मावा येईल, फळ कमी येईल.

पाण्याचं लक्ष फुलं दिसल्यापासून फळ संपेपर्यंत ठेवा, बाकी वेळी झाड तुम्हाला फार त्रास देत नाही. याची मुळं वरवर असतात, वरचा चार बोटं थर वाळला की झाडाला लगेच कळतं आणि फळ बारीक राहतं. एप्रिलच्या उन्हात कुंडीला रोज बघा, लागलं तर दोन वेळ. पाणी बुडात द्या, फुला-फळावर पाईपनं मारू नका. आच्छादन घालाच. निपाणी-संकेश्वरकडच्यांना उसाचं पाचट फुकट मिळतं, खानापूरकडं भाताचा पेंढा आहे, काहीही चालतं, पण लाल मातीत वाळवी फार, म्हणून काडीपासून वीतभर मोकळं सोडा. या झाडाच्या बुडात कुदळ घालू नका, तण हातानं उपटा.

फुलांचं एक सांगायलाच पाहिजे कारण त्याच्यावर फळाचा आकार ठरतो. रास्पबेरीचं एक फळ दिसतं एक, पण ते पुष्कळ बारीक मण्यांचं बनलेलं असतंय आणि प्रत्येक मण्याला वेगळं परागीभवन लागतं. एकट्या झाडाला पण फळ धरतं, जोडीला दुसरं लागत नाही, पण मधमाशी फुलावर सगळीकडं फिरली तरच फळ भरतं, नाहीतर अर्धे मणी सुटलेले, हात लावला की चुरा होणारं फळ मिळतं. म्हणून फुलं असताना कसलंच औषध मारू नका, निंबोळी तेल पण नको. सातेरी माश्या येत असतील तर आनंद माना आणि झाडाला जाळी तेव्हा घालू नका. जाळी फळ लाल व्हायला लागल्यावर, कारण मग बुलबुल येतात आणि त्यांना आपल्याआधी कळतं. जाळी ताणून बांधा, सैल लोंबत ठेवली की पक्षी अडकून मरतात.

उन्हाळ्यात पानाच्या खाली लाल कोळी येतो, पान राखाडी ठिपक्या-ठिपक्याचं दिसतं. फुलं यायच्या आधी दिसला तर संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, पानाच्या खालनं. फळ धरल्यावर दिसला तर खालची खराब पानं काढून लांब टाका.

तोडणी सकाळी, एक दिवसाआड. लाल फळाला घाई करू नका, रास्पबेरी तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखी अढी घालायची सोय इथं नाही. काळं-जांभळं झालेलं फळ दोन बोटात धरलं की अलगद सुटतं, सुटत नसेल तर अजून दोन दिवस राहू द्या. पसरट ताटलीत एकाच थरात ठेवा, धुवायचं ते खाताना, आधी धुवून ठेवलं की बुरशी. फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापेक्षा जास्त झालं तर फ्रीझरमध्ये टाका आणि सरबताला, जॅमला वापरा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून आले तर पिकलेलं तेवढं सगळं तोडून घ्या, वळवाच्या एका सरीत पिकलेलं फळ खाली पडतं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी कुजतं.

नवीन रोप करायला पैसे घालायची गरज नाही. एक काडी न खुडता लांब वाढू द्या, पाऊस संपता संपता तिचा शेंडा वाकवून तीन-चार इंच मातीत पुरा आणि वर दगड ठेवा. काही आठवड्यांत मुळं धरतील, मग आईपासून कापून वेगळं करा. पण लोंबलेले शेंडे असेच जमिनीला टेकू देऊ नका, ते स्वतःच मुळं धरतात आणि झाड कुंपणापलीकडं चालत जातं. हवाई आणि गॅलापागोस बेटांवर हीच जात बाहेरनं नेऊन लावली आणि ती आता तिथल्या रानाला आवरत नाही. ही आपली मूळची जात असली तरी शेजाऱ्याच्या परसात काटे नकोत, म्हणून महिन्यातनं एकदा कुंपणाकडचे शेंडे बघा. आणि रानातनं उपटून आणायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, भीमगड अभयारण्यातनं काही उपटणं हा गुन्हा आहे, आणि बाकी ठिकाणी पण रानातलं झाड पाखरांचं आहे. आमच्याकडची सगळी रोपं आम्ही असंच शेंडा पुरून इथंच केलेली आहेत, तुम्हाला कशी करायची ते बघायचं असेल तर दसऱ्याच्या आधी या, समोर करून दाखवतो.